जुन्या कन्व्हर्टिबलचा हायड्रॉलिक टप: पंप बदलायच्या आधी एवढं करा

मागच्या वर्षी मे महिन्यात सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये माझ्या कन्व्हर्टिबल गाडीचा टप, म्हणजे बटणाने उघडणारं छत, अर्ध्यावर येऊन थांबला. ना उघडा ना बंद, मोडक्या छत्रीसारखा डोक्यावर उभा. इंग्लंडमध्ये अशा वेळी जे व्हायचं तेच झालं, पाऊस आला. बायको पिशव्या फाडून सीटवर अंथरतेय, मुलगी मागे छत्री धरून बसलीये आणि मी आपला बटण दाबतोय, दाबतोय, दाबतोय. पंप नुसता कण्हत होता. शेवटी बंद पडलेल्या गाड्या सोडवणाऱ्या रिकव्हरीवाल्याला बोलावलं. त्या माणसाने डिकीत हात घालून एक स्क्रू फिरवला, मला म्हणाला तिकडनं धर, आणि आम्ही दोघांनी टप हातानेच ओढून बंद केला. पाच मिनिटं पण नाही लागली. म्हणजे तासभर आम्ही जे भिजलो ते फक्त त्या एका स्क्रूची माहिती नव्हती म्हणून.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजला दाखवली. त्यांनी आवाज ऐकून सांगितलं पंप गेलाय, आणि आकडा असा सांगितला की मी गाडी गुपचूप घरी आणली. पंपाला काहीही झालं नव्हतं. ऑइल कमी होतं, एवढंच. पण ते कमी का झालं हे शोधण्यात पुढचे तीन वीकेंड गेले, आणि त्यात मी ज्या ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नयेत म्हणून हे लिहितोय.

माझी गाडी जॅग्वार एक्सके ८, २००० सालची. ही गाडी १९९६ ला आली आणि २००५ पर्यंत कॉव्हेंट्रीच्या ब्राउन्स लेनला बनत होती. टाटांनी जॅग्वार घेतली २००८ मध्ये, तोपर्यंत हे मॉडेल बंद होऊन गेलेलं, पण आमच्या आईला हे पटत नाही, ती अजून म्हणते टाटांची गाडी आहे ना मग पुण्यातनं पार्ट मागव की. असो. तुमची गाडी मर्सिडीज असो, बीएमडब्ल्यू असो नाहीतर जुनी मस्टँग, तत्त्व सगळीकडे एकच आहे. नट कुठे आणि ऑइल कुठलं एवढाच फरक.

आधी हे चालतं कसं ते

ट्रॅक्टरची ट्रॉली मुरूम ओतायला वर उचलली जाते ना, तेच हे, फक्त छोट्या आकारात. एक इलेक्ट्रिक मोटर, तिला जोडलेला पंप, पंपाला चिकटलेली ऑइलची छोटी टाकी, आणि तिथून निघालेल्या बारीक नळ्या थेट सिलिंडरपर्यंत. सिलिंडरच्या एका बाजूला ऑइल ढकललं की दांडा बाहेर येतो, दुसऱ्या बाजूला ढकललं की आत जातो. साध्या सिस्टिममध्ये मोटर उलटी फिरवली की टप उलट्या दिशेला जातो. माझ्या गाडीत तीन सिलिंडर आहेत, दोन मागे टप उचलायला आणि एक पुढे, आरशाच्या वर, टप काचेच्या चौकटीला घट्ट अडकवायला. जुन्या मस्टँगमध्ये फक्त दोन, कारण पुढचं लॉक हाताने लावायचं असतं. लोखंडी छत घडी होऊन डिकीत जाणाऱ्या मर्सिडीजमध्ये याहून जास्त, आणि डोकेदुखी पण त्याच प्रमाणात.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. ही सिस्टिम सगळीकडून सीलबंद असते. इंजिन ऑइल जसं थोडंफार जळतं तसं हे ऑइल जळत नाही, उडून जात नाही. टाकीत कमी झालं म्हणजे ते गाडीतच कुठेतरी सांडलंय. नुसतं वरून भरून गाडी वापरत राहाल तर ते एक दिवस सीटवर नाहीतर तुमच्या टकलावर सापडेल.

जवळ काय काय ठेवायचं

कागदांमध्ये गाडीचं हँडबुक, आणि मिळालं तर त्याच मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल. आधीच्या मालकाची बिलं पण चाळून बघा, त्यात हायड्रॉलिक नळ्या किंवा सिलिंडर कधी बदलले ते सापडलं तर अर्धं काम झालं. फ्यूज आणि रिलेचा (रिले म्हणजे मोटरला करंट सोडणारा छोटा इलेक्ट्रिक स्विच) नकाशा बहुतेक वेळा हँडबुकातच असतो.

सामान फार नाही:
- मल्टीमीटर (साधा, स्वस्तातला चालतो)
- डोक्याला लावायची टॉर्च
- ॲलन कीचा सेट आणि नेहमीचे पाने
- ट्रिम (गाडीतली आतली कव्हरं) उचकटायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या (स्क्रूड्रायव्हर घालाल तर क्लिपा तुटतील, माझ्या चार तुटल्या)
- ६० मिलीची सिरिंज आणि तिला बसेल अशी बारीक नळी
- नाइट्राइल ग्लोव्ह्ज आणि डोळ्यांना चष्मा
- किचन रोल, भरपूर, मग वाटेल त्याच्या दुप्पट
- टपाला टेकू द्यायला दोन लाकडी ठोकळे किंवा जाड काठी
- मास्किंग टेप आणि मार्कर

१. सगळ्यात आधी टप हाताने बंद करायला शिका

हे काम टप नीट चालत असतानाच्या काळात, कोरड्या दिवशी, घरासमोर करून बघायचं. हायड्रॉलिक टप असलेल्या बऱ्याच गाड्यांमध्ये पंपावर एक बायपास स्क्रू असतो. तो सैल केला की सिलिंडरमधलं ऑइल मोकळं फिरतं आणि टप हाताने हलवता येतो. तो घट्ट असताना टप ढकलायचा प्रयत्न केलात तर तुम्ही ऑइलशी कुस्ती खेळताय, आणि त्यात हरतो तो टपाचा सांगाडा. वाकलेला सांगाडा सरळ होत नाही, निदान माझ्या तुमच्या हाताने तरी नाही.

पुढच्या लॉकसाठी वेगळी सोय असते, बहुतेक वेळा छोटं झाकण काढून आत ॲलन की घालून फिरवायचं. ती की टूलकिटमध्ये आहे का आत्ता उठून बघा. सेकंडहँड गाडीत ती हमखास नसते.

दोन धोके. स्क्रू सैल झाला की टपाला धरून ठेवणारं काहीच उरत नाही, तो धाडकन खाली येऊ शकतो, त्यामुळे दुसरा माणूस टप धरून उभा पाहिजे आणि बोटं सांध्यांपासून लांब. दुसरं, नंतर तो स्क्रू परत बंद करायला विसरू नका. उघडा राहिला तर पंप मजेत फिरेल आणि टप ढिम्म हलणार नाही, आणि तुम्ही पुन्हा पंप गेला पंप गेला करत बसाल. बंद करताना जीव काढून आवळू पण नका, बेताने.

२. बॅटरी

हे वाचून कंटाळा येईल पण वगळू नका. टपाची मोटर भरपूर करंट खेचते. इंजिन बंद, बॅटरी जुनी आणि बटण दाबून धरलेलं, अशा वेळी व्होल्टेज खाली येतं, कंट्रोल युनिट (टप चालवणारा छोटा कॉम्प्युटर) गोंधळतं आणि टप मधेच थांबतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. मग कोणाला तरी बटण दाबायला सांगून टप चालू असताना बॅटरीवर आणि नंतर मोटरच्या वायरवर मोजा. बॅटरीवर ठीक आणि मोटरवर बरंच कमी, तर वाटेत कुठेतरी कनेक्शन खराब आहे. अर्थिंगच्या नटाखाली पांढरा हिरवा गंज बघा, घासून साफ करा, खूप वेळा तिथेच भूत निघतं.

रोजच्या वापरात टप नेहमी इंजिन चालू ठेवूनच उघडा. फक्त बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून टेस्टिंग करत बसू नका, तो धूर जीव घेतो. आत काम असेल तर चार्जर लावा.

३. बटण दाबा आणि ऐका

रेडिओ बंद, काचा खाली, डिकीजवळ कान. आवाजावरून बरंच कळतं.

काहीच आवाज नाही, टिक पण नाही, तर फ्यूज, बटण किंवा गाडीच्या अटी बघा. गाड्या भलत्या हट्टी असतात. कुठे गिअर पार्कमध्येच पाहिजे, कुठे हँडब्रेक पाहिजे. मर्सिडीज एसएलकेमध्ये डिकीतला सामानाचा पडदा ओढून अडकवलेला नसेल तर छत जागचं हलत नाही. ओळखीच्या एकांनी नवीन बटण विकत घेतलं होतं, बिघाड काय तर पडदा.

टिक आवाज येतो पण मोटर फिरत नाही, तर रिले, व्होल्टेज किंवा मोटरचे कार्बन ब्रश. बऱ्याच गाड्यांत वर आणि खालीसाठी वेगळे रिले असतात, दोन्ही एकसारखे असतील तर अदलाबदल करून बघा, बिघाड दुसऱ्या दिशेला गेला की चोर सापडला.

मोटर हलकेच भुरभुर फिरते आणि टप हलत नाही, तर ऑइल नाही किंवा बायपास उघडा. कण्हत, अडखळत चालते, तर आत हवा शिरलीये. माझी हीच केस होती. आणि टप एका बाजूने पुढे, दुसऱ्या बाजूने मागे असा तिरका चालला तर लगेच हात काढा. एका बाजूचा सिलिंडर किंवा सांधा अडलाय, पुढे रेटलंत तर सांगाडा पिळला जाईल.

बटण किती वेळ दाबायचं यावर पण एक सांगतो. मोटर सलग वापरासाठी बनवलेली नाही. टेस्टिंगच्या नादात पाच सहा वेळा उघडझाप केली की तिला थंड होऊ द्या. बऱ्याच गाड्यांत ती गरम झाली की स्वतःच बंद पडते आणि थोड्या वेळाने परत चालू होते. त्या मधल्या वेळात लोक गाडी गॅरेजला नेतात.

४. ऑइलची पातळी

टाकी बहुतेक डिकीत, गालिच्याच्या किंवा साइडच्या कव्हरच्या मागे. जुन्या मस्टँगसारख्या अमेरिकन गाड्यांत मागच्या सीटच्या पाठीमागे. टाकीवर कमी जास्तच्या रेघा असतात, नाहीतर भरायच्या भोकाच्या कडेवरून मोजायचं असतं.

आता माझी घोडचूक. मी टाकी बघितली, कमी दिसली, वरच्या रेघेपर्यंत भरली आणि खूश होऊन टप चालवला. ऑइल झाकणातून उसळून डिकीच्या गालिच्यावर. कारण? टप कुठल्या स्थितीत असताना मोजायचं हे वाचलंच नव्हतं. दांडा सिलिंडरच्या आत असतो तेव्हा तो जागा खातो, तेवढं ऑइल टाकीत परत येतं. दांडा बाहेर गेला की ती जागा भरायला ऑइल टाकीतनं जातं आणि पातळी उतरते. म्हणजे एकाच गाडीची टाकी टप उघडा असताना एक दाखवते आणि बंद असताना दुसरंच. कुठल्या स्थितीत मोजायचं ते हँडबुकात दिलेलं असतं, तिथूनच घ्या, अंदाज नको. जास्त झालं तर सिरिंजने ओढून काढा. मी आता टाकीवर मास्किंग टेपची पट्टी लावून तारीख आणि रेघ मारून ठेवतो, पुढच्या वेळी उतरलं की लगेच दिसतं.

भरायच्या आधी झाकणाभोवतीची धूळ पुसा. एक वाळूचा कण पण पंपाला आणि व्हॉल्व्हला नको असतो. ऑइलवर फेस दिसला तर हवा, दुधासारखं गढूळ दिसलं आणि रात्रभर ठेवूनही तसंच राहिलं तर पाणी शिरलंय, मग सगळंच बदलावं लागेल.

५. कुठलं ऑइल? इथे गाड्या मरतात

जुन्या मस्टँगमध्ये एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल ऑइल. बऱ्याच युरोपियन गाड्यांत पातळ हायड्रॉलिक फ्लुइड, पेंटोसिनचं सीएचएफ ११एस त्यातलंच, रंगाने हिरवं. मर्सिडीजचं स्वतःचं वेगळं, पार्ट नंबरने मागायचं. १९५० च्या दशकातल्या काही अमेरिकन गाड्यांत चक्क ब्रेक फ्लुइड असायचं, पण ती गोष्ट तिथेच सोडा.

कारण ब्रेक फ्लुइड ग्लायकॉलचं असतं, ते मिनरल ऑइलसाठी बनवलेल्या रबरी सीलांना फुगवतं आणि सांडलं तर पेंट पण उचलतं. एक कपभर चुकीचं फ्लुइड गेलं तर सगळे सिलिंडर उघडायची वेळ येते. रंगावरून पण ठरवू नका, हिरवं दिसलं म्हणून ते बरोबरच असेल असं नाही, आधीच्या मालकाने काय ओतलंय देव जाणे. झाकणावर किंवा हँडबुकात लिहिलेलंच घ्या, आणि आधीचं काय आहे याची खात्री नसेल तर सिरिंजने टाकी रिकामी करून नवीन भरा, टप दोनतीनदा चालवा, परत काढा, परत भरा. पूर्ण बदलत नाही, पण बराच फरक पडतो.

पुण्यातला मित्र विचारत होता की तिथल्या गॅरेजवाल्याने जेसीबीचं हायड्रॉलिक ऑइल टाकतो म्हणून सांगितलं, चालेल का. नाही चालणार बाबा. ते सहसा ४६ किंवा ६८ ग्रेडचं जाड असतं, या बारीक नळ्यांतून ते कसंबसं रांगतं आणि पंपावर ताण येतो.

६. गळती शोधणं (इथे घाई नको)

पहिला नियम, चालू सिस्टिममध्ये गळती कधीही हाताने चाचपू नका. टायरमध्ये अडीच बारच्या आसपास हवा असते, इथे दाब शंभर बारच्या पुढे जाऊ शकतो. बारीक भोकातून सुटलेली ऑइलची धार कातडीत घुसते, वरून साधं टोचल्यासारखं दिसतं आणि आत नुकसान होतं. असं झालं तर घरी हळद लावत बसू नका, थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत. शोधायला पुठ्ठा धरा, चष्मा घाला.

पद्धत साधी आहे. सगळे सांधे पुसून कोरडे करा, त्यांच्याखाली पांढरा किचन रोल अंथरा, टप दोनदा चालवा आणि रात्रभर सोडा. सकाळी कुठे डाग पडलाय ते बघा. ऑइल खाली ओघळतं, त्यामुळे डागाच्या जागी नाही, त्याच्या वर शोधायचं.

पंपाजवळ ओलं असेल तर नळीचा सांधा किंवा टाकीचं सील, हे सगळ्यात सोपं. मागच्या साइड पॅनेलच्या आत, सिलिंडरच्या तोंडाशी ओलं असेल तर दांड्याचं सील गेलंय. दांड्यावर बोट नाही, टॉर्च फिरवून बघा, चकचकीत पृष्ठभागावर गंजाचा ठिपका असेल तर तो प्रत्येक फेरीला नवीन सील पण कापत राहणार.

आणि तिसरी जागा, आरशाच्या वरची. माझ्या मॉडेलच्या मालकांमध्ये याला ग्रीन शॉवर म्हणतात, हिरवा शॉवर. पुढच्या लॉकच्या सिलिंडरला जाणाऱ्या नळ्या नायलॉनच्या असतात, डिकीपासून पार पुढपर्यंत येतात. पंचवीस वर्षं उन्हात तापून नायलॉन ठिसूळ होतं. टप बंद होऊन लॉक शेवटाला टेकलं की ऑइलला जायला जागा नसते, त्या क्षणी दाब सगळ्यात जास्त. नेमकी तेव्हाच नळी फुटते आणि ऑइल आरशावरून तुमच्या मांडीत. म्हणून लॉक लागल्याचा आवाज आला, काम पूर्ण झालं, की बटण सोडा, उगाच दाबून धरू नका. सन व्हायझरच्या कडेला तेलकट डाग दिसला किंवा छताचं अस्तर पुढे चिकट लागलं तर तो इशारा समजा आणि नळ्या बदलेपर्यंत टप चालवूच नका.

काही जण पंपाच्या वायरिंगमध्ये रेझिस्टर टाकून व्होल्टेज कमी करतात, म्हणजे दाब थोडा उतरतो. ते काम करतं. पण जुनी नळी तशीच ठेवून नुसता दाब कमी करणं म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवणं. आधी नळ्या बदला, मग पाहिजे तर रेझिस्टर टाका.

माझी गळती कुठे निघाली? डाव्या सिलिंडरच्या खालच्या नळीच्या सांध्यावर. थेंब थेंब, दोन दिवसांत नखाएवढा डाग. तेवढ्यावर मला नवीन पंपाचं कोटेशन मिळालं होतं.

७. नळी किंवा सिलिंडर काढायचा असेल तर

टप अर्ध्यावर उभा ठेवून काम करायचं असेल तर ठोकळे लावूनच. टपाला हायड्रॉलिकच्या भरवशावर सोडून आत डोकं घालू नका. बायपास उघडून दाब आधी शून्यावर आणा. प्रत्येक सिलिंडरला दोन नळ्या असतात, काढायच्या आधी टेपने नावं लावा आणि फोटो काढा. मला वाटलं होतं लक्षात राहील. नाही राहिलं.

काढलेली तोंडं स्वच्छ टोपी किंवा टेपने बंद करा. सिलिंडर काढताना दांडा पक्कडीने धरू नका, एक ओरखडा आणि सिलिंडर भंगारात. सील बदलायचं काम स्वतः करता येतं असं म्हणतात, मी केलं नाही. सिलिंडर पाठवून सील बदलून देणारे लोक आहेत, नवीन सिलिंडरपेक्षा ते बरंच स्वस्त पडतं आणि ते नवीन मटेरियलचे सील टाकतात. एक गेला असेल तर जोडीचा पण त्याच वयाचा आहे हे लक्षात ठेवा, पॅनेल उघडलेलंच आहे तर दोन्ही करून घ्या.

नळीच्या बाबतीत जुगाड नको. पेट्रोल पाईप आणि वर क्लिप आवळून काम भागवलेली गाडी मी बघितलीये, ती नळी पहिल्याच दिवशी सुटली आणि बेज रंगाची सीट हिरवी झाली. योग्य दाबाची, टोकं मशीनवर दाबून बसवलेली नळीच घ्या.

८. आतली हवा काढणं

ब्रेकसारखं नट सैल करून हवा काढायची गरज सहसा पडत नाही. टाकी भरा, टप पूर्ण उघडा, पूर्ण बंद करा, पातळी बघा, लागेल तेवढं भरा, परत. मधे मधे मोटरला विश्रांती. हवा टाकीत परत येऊन वर निघून जाते. चार पाच फेऱ्यांत कण्हणं थांबायला पाहिजे. टाकी रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर परत पहिल्यापासून. आणि पहिल्या फेरीत टप अडखळला तर हाताने थोडा आधार द्या, जोर नको.

९. ऑइल ठीक, पंप ठीक, तरी अडतोय

मग सेन्सर. टप कुठे पोचला हे गाडीला छोटे स्विच सांगतात. एखादा सरकला, मळला किंवा त्याची वायर सांध्यात घासून तुटली की गाडी तिथेच थांबते, कारण तिला वाटतं मागचं पाऊल पूर्णच झालं नाही. खूण ही की टप दरवेळी नेमका त्याच जागी थांबतो. हायड्रॉलिकचा बिघाड असा इतका शिस्तीत वागत नाही. स्विच हाताने दाबून मल्टीमीटरवर चालतोय का बघा. दांडे, पंप वगैरे उघडायच्या आधी हे करा, यात खर्च शून्य.

१०. कापड, रबर आणि पाणी जायच्या वाटा

टप ओला असताना घडी करून ठेवू नका, बुरशी धरते आणि तो वास जात नाही. रबराच्या पट्ट्यांना सिलिकॉन ग्रीस किंवा रबर केअर लावा. व्हॅसलीन, पेट्रोलियमवालं ग्रीस काही नको, रबर फुगतं. पट्ट्या कोरड्या पडल्या की टप चिकटतो आणि पंपाला जास्त जोर लावावा लागतो, म्हणजे हे पण हायड्रॉलिकचंच काम समजा. सांध्यांना अगदी थोडं वंगण, कापडाला न लागता.

टपाच्या मागच्या खळग्यातनं पाणी बाहेर जायला भोकं असतात, तिथे पानं साचतात. गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी घालून हळूच साफ करा, तार नको, नळी फाटते. भोकं तुंबली की पाणी आत येतं आणि काही गाड्यांत पंप किंवा कंट्रोल युनिट नेमकं तिथेच खाली बसलेलं असतं.

आणि टप वापरा. इथे हिवाळाभर आणि तिकडे मुंबई पुण्याला पावसाळाभर लोक तो उघडतच नाहीत, सील कोरडे पडतात आणि पहिल्याच फेरीत गळायला लागतात. महिन्यातनं एक दोनदा, छपराखाली, गाडी गरम झाल्यावर एक फेरी. कडाक्याच्या थंडीत मात्र राहू द्या, त्यात मागची खिडकी प्लॅस्टिकची असेल तर नक्कीच, घडीवर तडकते.

सांडलेलं ऑइल कापडावर पडलं तर घासू नका, टिपा. जमिनीवर मांजराची वाळू टाका. काढलेलं जुनं ऑइल गटारात नाही, डब्यात भरून रिसायकलिंग सेंटरला, तिथल्या माणसाला काय आहे ते सांगून.

माझ्या टाकीवरची टेपची रेघ परवा बघितली, पातळी दोन मिलिमीटर खाली आहे. नवीन सांध्याला अकरा महिने झालेत. आज रात्री दोन्ही सिलिंडरखाली किचन रोल अंथरून ठेवलाय, उद्या सकाळी उजवीकडे डाग निघाला तर मला आश्चर्य वाटणार नाही, त्या वेळी मी फक्त डावीकडचंच काम केलं होतं.